दादाच्या ओठावरचं वर्तुळ

माझं काम लोकांची तोंडं रंगवण्याचं. टेलिव्हिजन स्टुडिओच्या मेकअप रूममध्ये इतकी वर्षं काढली आहेत की रस्त्यात कुणी भेटलं तर आधी त्याच्या नाकाचा तेलकट शेंडा दिसतो आणि मग माणूस. बातम्या सांगणारे, व्यायाम शिकवणारे, दोघांत भांडणं लावून मजा बघणारे, सगळे माझ्या खुर्चीत बसून गेलेत. बसताना माणसासारखे बसतात, उठताना स्वतःच्या फोटोसारखे उठतात. त्याचं मला काही वाटत नाही. पोटापाण्याचा धंदा आहे. पण एका तोंडाची मला खरोखर शिसारी आली, आणि ते माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचं तोंड होतं.

आमचे बाबा बंबावर होते. आगी काही रोज लागत नाहीत, म्हणून अग्निशमन दलाने एक बँड पाळला होता. साहेब निवृत्त झाला की वाजवायचा, साहेब मेला की वाजवायचा. बाबा त्यात ट्रम्पेट फुंकायचे आणि भयंकर फुंकायचे. साहेब गेल्याचं दुःख लोकांना बाबा वाजवायला लागल्यावर जास्त व्हायचं, असं आईच सांगायची. तो ट्रम्पेट दादाने लहानपणी हातात घेतला आणि मग खाली ठेवलाच नाही. दोन खोल्यांचं घर, पातळ भिंती. पलीकडचे शेजारी भिंतीवर चप्पल आपटायचे. शेवटी आईने तोडगा काढला. तिच्या कपाटात रजया, स्वेटर, बाबांचे जाड कोट असं सगळं कोंबलेलं असायचं. दादा त्यात शिरायचा, दार आतून ओढून घ्यायचा, आणि मग कपाटातून असा आवाज यायचा की जणू कुणी विहिरीत पडून मदतीला हाका मारतंय. गल्लीने त्याचं नाव ठेवलं भोंगा. बंबवाल्याच्या पोराला ते शोभूनही दिसलं.

कपाटातून बाहेर यायचा तेव्हा त्याच्या केसांत लोकरीचे धागे असायचे आणि ओठांवर लाल वर्तुळ. ट्रम्पेटच्या टोकाला वाटीसारखा माउथपीस असतो, तो ओठांवर घट्ट दाबून फुंकावं लागतं, त्याचं ते वर्तुळ. आधी तासाभरात जायचं. पुढे संध्याकाळपर्यंत राहायला लागलं. आणि दादाला मिसरूड फुटेपर्यंत वरच्या ओठावर मधोमध एक अर्धगोल वण कायमचा मुक्कामाला आला. आई त्याच्यावर काय काय मलमं चोपडायची. ‘असल्या तोंडाच्या मुलाशी लग्न कोण करणार,’ म्हणायची. वहिनीने केलं. तिला म्हणे तो वणच आवडला होता. प्रेमात माणसाला काय आवडेल याचा नेम नाही.

दादा जॅझ वाजवायचा. बाजारातल्या एका मध्यम हॉटेलच्या तळघरात रेस्टॉरंट होतं, तिथे संध्याकाळी त्यांचा बँड असायचा. ट्रम्पेट, ड्रम, ते माणसाएवढं उभं डबल बेस, आणि पियानोवर एक वयस्कर गृहस्थ. त्यांना सगळे काका म्हणायचे. जुना कोट, कोपराला ठिगळं, बोटं मात्र कापसासारखी पांढरी. मला त्या संगीतातलं फार कळत नाही, पण त्यांची पद्धत कळायची. धून ठरलेली. ती एकदा मिळून वाजवली की पुढे ज्याचा त्याचा मामला. ज्याची पाळी येईल त्याने त्याच धुनेतून काही तरी नवं काढायचं, तिथल्या तिथे, आधी न ठरवता. काल काढलेलं आज चालत नाही. कुणी आळस केला आणि आपलंच मागच्या आठवड्यातलं पुन्हा वाजवलं, की काका एक हात सुरांवरून उचलायचे आणि पियानोच्या लाकडावर बोटाच्या पेराने एकदा मारायचे. टक्. त्याचा अर्थ, शिळं आहे. जेवणाऱ्या गिऱ्हाइकांना पत्ताही लागायचा नाही. पण ज्याच्यासाठी ते टक् वाजलं त्याचे कान लालबुंद व्हायचे, आणि नंतर सगळ्यांना कॉफी पाजायची ती त्यानेच. ड्रमवाल्याने आयुष्यात खूप कॉफी पाजली. दादाला मी कधी पाजताना पाहिलं नाही.

मी कामावरून परस्पर तिथे जायचे आणि जिन्याखालच्या टेबलाशी बसायचे. दादाची पाळी आली की तो आधी डोळे मिटायचा, जिभेने तो वण चाचपायचा, आणि मग काय येणार हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसायचं. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसायचं. मी इतके चेहरे बघते, पण पुढच्या क्षणी काय होणार हे खरंच माहीत नसलेला चेहरा टेलिव्हिजनवर कधी सापडला नाही. मला त्या चेहऱ्याचा अभिमान होता. तो मी कुणाला बोलून दाखवला नाही, घरात आम्ही असलं बोलत नाही.

मग रेस्टॉरंटचं गिऱ्हाईक आटलं. मालकाने बँडच्या संध्याकाळी कमी करत करत एक गुरुवार उरवला. आणि त्याच सुमारास आमच्या स्टुडिओतला एक निर्माता तिथे जेवायला गेला. मी त्याला मनातल्या मनात गुळगुळीत म्हणते. डोकं गुळगुळीत, हनुवटी गुळगुळीत, बोलणंही तसंच, हात लावला की निसटतं. त्याच्या डोक्यात गाण्याच्या स्पर्धेचा नवा कार्यक्रम होता. गायक पोरंपोरी दर आठवड्याला लोकांच्या तोंडी असलेली गाणी म्हणणार, आणि मागे चकचकीत पायऱ्यांवर रुपेरी कोट घातलेला खराखुरा बँड. ‘जॅझवाल्यांना एक क्लास असतो,’ तो म्हणाला. ‘पडद्यावर शोभून दिसतात.’

वाजवतात, असं तो म्हणाला नव्हता. तिथेच कळायला हवं होतं.

दादा गेला. ड्रमवाला गेला, बेसवाला गेला. वहिनीच्या जिवाला घोर होता, दोन मुलींचं शिक्षण, भाड्याचं घर, तो मिटला. मी नाक मुरडलं तेव्हा ती मला म्हणाली, ‘तुला काय जातंय बोलायला? तुला रोजचं काम आहे.’ खरं होतं तिचं. दादा म्हणाला, ‘एक सीझन करतो गं. गुरुवार काही सोडत नाही मी.’

पहिल्या शूटिंगला तो माझ्याच खुर्चीत आला. गुळगुळीतने मॉनिटरवर त्याचं तोंड मोठं करून पाहिलं होतं. ‘हे काय ओठावर? भाजलंय का? झाका ते.’ मी मेकअपचा जाडसर बेस लावून तो वण बुजवला, वरून ओठांचा फिका गुलाबी रंग दिला. दादा आरशात बघून म्हणाला, ‘आई असती तर खूश झाली असती.’ आम्ही दोघं हसलो.

आता तिथली रीत सांगते. बँडचं सगळं आधीच रेकॉर्ड करून ठेवतात. शूटिंगच्या वेळी तो ट्रॅक लावतात, गायक माईकवर खरं गातो, आणि बँडने वाजवल्याचं सोंग करायचं. खरा आवाज काढायचा नाही, कारण तो गायकाच्या माईकमध्ये शिरतो. ड्रमच्या कातड्याखाली फोम भरलेला. बेसच्या तारा सैल. ट्रम्पेटच्या तोंडात बोळा. आणि पांढराशुभ्र पियानो तर नुसता खोका, आत ना तार ना हातोडी. त्याच्या पोटात आम्ही टिशूचे डबे आणि माझे जादाचे ब्रश ठेवायचो.

ट्रॅक सुरू झाला, दादाची जागा आली, आणि हा शहाणा बोळा काढून सरळ फुंकायला लागला. ट्रॅकमध्ये दादा एक वाजवतोय, पायरीवर दादा दुसरंच वाजवतोय. सगळं बंद पडलं. फ्लोअर मॅनेजर धावत आला.

‘काय करताय तुम्ही?’

‘वाजवतोय.’

‘अहो, वाजवू नका ना! नुसती बोटं हलवा. ट्रॅकमध्ये आहेत तशीच.’

‘ट्रॅकमध्ये मी काय वाजवलं ते मला आठवत नाही.’

‘तुम्हीच वाजवलंय ना ते?’

‘म्हणून तर.’

ड्रमवाला हसून हसून पायरीवरून घसरला. दादा परत माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या ओठांवरचा रंग बरोबर माउथपीसच्या आकारात उडाला होता, खालून लाल वर्तुळ आणि वण दोन्ही दिसत होते, आणि माउथपीसवर गुलाबी कडं उमटलं होतं. मी ते कडं टिशूने पुसलं आणि ओठ पुन्हा रंगवले. काम दुप्पट झालं, पण मला बरं वाटलं होतं. म्हटलं, हा काही यांच्या हाताला लागायचा नाही.

लागला. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले तर दादा कानाला हेडफोन लावून बसला होता, ट्रम्पेट मांडीवर, ओठ मिटलेले, आणि बोटं कळांवर नाचत होती. तो स्वतःचंच वाजवलेलं पाठ करत होता. एकदा सहज सुचलेलं, बोटाला बोट लावून घोकत होता, शाळकरी पोराने पाढे घोकावेत तसं. धाकटी भाची शेजारी बसून ट्रॅकशी ताळा बघत होती. ‘बाबा, इथे तिसरं बोट,’ म्हणत होती. मी चहा अर्धा टाकून उठले.

काकांनाही बोलावणं गेलं होतं. त्या खोक्यापुढे बसवायला पांढऱ्या केसांचा माणूस हवा होता. ते एका सकाळी आले, कोटाला ब्रश मारून. पियानोशी बसले, एक सूर दाबला. काहीच झालं नाही. उठून त्यांनी वरचं झाकण उघडलं, आत डोकावले, माझे टिशूचे डबे बघितले. मला लाजेने मेल्यासारखं झालं. काकांनी झाकण अलगद खाली ठेवलं, त्यावर बोटाच्या पेराने एकदा मारलं, टक्, आणि सगळ्यांना हात हलवून निघून गेले. तिघंही जॅझवाले आपापल्या बुटांकडे बघत होते. त्या पियानोवर मग एका मॉडेलिंग करणाऱ्या आजोबांना बसवलं. फार छान दिसायचे.

एका सीझनचे किती सीझन झाले ते मी मोजत नाही. कार्यक्रम तुफान चालला. आणि खरं सांगायचं तर दादाएवढं सोंग कुणालाच जमलं नाही. माउथपीस ओठांपासून केसभर लांब कसा धरायचा, गाल कधी फुगवायचे, मान कधी मागे टाकायची, उंच सुराला कपाळावरची शीर कशी आणायची, सगळं बेतून केलेलं. निवेदक त्याची ओळख ‘सोन्याचे ओठ’ अशी करून द्यायचा आणि लोक टाळ्या पिटायचे. रस्त्यात बायका थांबवून त्याच्या ओठांबरोबर फोटो काढायच्या. एक दिवस तो मला म्हणाला, ‘क्लोजअपला कपाळ कोरडं दिसतं गं. जरा घाम मार ना.’ माझ्याकडे घामाची बाटली असते, ग्लिसरीन आणि पाणी, मारामारीच्या मालिकांसाठी. मी माझ्या भावाच्या कपाळावर बाटलीतला घाम मारला. कपाटातून निथळत बाहेर येणारं ते पोर मला आठवलं. तो मात्र आरशात बघून म्हणाला, ‘डावीकडे थोडा जास्त.’

गुरुवार कधीच सुटले होते. आज शूटिंग आहे, उद्या मुलाखत आहे, परवा कुठल्याशा दुकानाचं उद्घाटन आहे. काका त्याची खुर्ची मांडून ठेवायचे. वाजवायला आता काका आणि एक क्लॅरिनेटवाले निवृत्त मास्तर, दोघंच असायचे, तरी ट्रम्पेटची खुर्ची मांडलेली. मी अधूनमधून जायचे. ‘भोंग्या बरा आहे ना?’ काका विचारायचे. ‘सांग त्याला, घाई नाही.’ त्यांच्या त्या चांगुलपणाचाही मला राग यायचा.

आणि मग एका सकाळी मी नेहमीप्रमाणे वण बुजवायचा जाड बेस ब्रशवर घेतला, दादाच्या ओठाशी नेला, आणि थांबले. बुजवायला काही नव्हतं. दिव्याखाली धरून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. आईच्या मलमांनी जे गेलं नव्हतं, ते न वाजवण्याने गेलं होतं. ओठ बाळासारखा मऊ.

‘दादा, तुझा वण गेला रे.’

त्याने आरशात पुढे वाकून पाहिलं. मला वाटलं आता तरी याच्या काळजात काही हलेल. तो म्हणाला, ‘बरं झालं. तुझं काम वाचलं.’

मी ब्रश इतक्या जोरात धुतला की त्याचे केस निघाले.

पण काही तरी हललं असावं. कारण महिन्याभराने तोच एक बातमी घेऊन आला. या सीझनची अंतिम फेरी थेट प्रक्षेपित होणार होती, प्रेक्षकांनी भरलेल्या मोठ्या सभागृहातून. दादा गुळगुळीतशी भांडला होता. माझा दादा भांडला होता! आणि त्याने एक मिनिट मिळवलं होतं. ‘एक मिनिट. ट्रॅक बंद, बँड गप्प. फक्त मी. खरं वाजवणार, सुचेल ते,’ तो म्हणाला. ‘काकांनाही पास पाठवलाय. पहिल्या रांगेचा.’ मग म्हणाला, ‘ते एक मिनिट नीट गेलं ना, की मी गुरुवारी त्यांच्यासमोर जाऊन बसू शकतो. नाही तर कुठल्या तोंडाने जाऊ?’

कुठल्या तोंडाने, हे त्याने मला विचारावं!

त्याच्या घरी मुलींसमोर रियाज करायची त्याला लाज वाटत होती. तो माझ्याकडे यायला लागला. मी एकटी राहते, भिंती पातळच आहेत, आणि माझ्याकडेही कपाट आहे. पन्नाशी उलटलेला, घराघरांत ओळखला जाणारा माणूस माझ्या कोटांमध्ये शिरून दार ओढून घ्यायचा. मी बाहेर पलंगावर बसून ऐकायचे. फार वाईट होतं. सूर फाटत होते. वर जायला लागला की आवाजाच्या जागी नुसती हवा यायची, मग एक शिवी, मग पुन्हा. जरा वेळातच ओठ थकायचे. पण बाहेर आला की त्याच्या ओठांवर लाल वर्तुळ असायचं. मी फडक्यात बर्फ गुंडाळून तयार ठेवायचे. ते वर्तुळ बघून मला इतका आनंद व्हायचा की तो लपवायला मी उगाच त्याच्यावर खेकसायचे. ‘हँगर तोडलंस माझं!’ तो हसायचा, ओठ दुखायचा म्हणून अर्ध्यावर थांबायचा.

तिसऱ्या आठवड्यात एका दिवशी त्याला एक उंच सूर लागला. स्वच्छ. तो कपाटाच्या आतूनच ओरडला, ‘ऐकलंस का?’ मी म्हटलं, ‘शेजाऱ्यांनीही ऐकलं.’

त्यानंतर तो यायचा बंद झाला. फोन केला तर म्हणाला, ‘जमलंय आता. उगाच ओठ दमवायचे नाहीत.’ स्टुडिओत साउंडवाल्याबरोबर बसून एक सेफ्टी ट्रॅक केल्याचंही सांगितलं. थेट कार्यक्रमात माईक मेला, वायर तुटली, तर हाताशी असावा म्हणून असा ट्रॅक ठेवतातच, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. दिवसभर तुकडे तुकडे वाजवून त्यातले चांगले जोडले होते म्हणे. ‘लागणार थोडाच आहे,’ दादा म्हणाला.

अंतिम फेरीच्या संध्याकाळी सभागृहामागच्या मेकअप रूममध्ये नुसता गोंधळ. रडणाऱ्या गायिका, त्यांना पुन्हा रंगवणाऱ्या आम्ही. दादा खुर्चीत बसला तेव्हा मी त्याचं कपाळ केलं, गाल केले, आणि ब्रश खाली ठेवला.

‘ओठ कोरडेच ठेवते,’ मी म्हटलं. ‘रंगावर माउथपीस घसरेल.’

‘लाव गं.’

‘वेडा आहेस का? आज खरं फुंकायचंय.’

‘त्याआधी दोन गाणी आहेत क्लोजअपची. ओठ पांढरे दिसतील. माझ्या मिनिटाआधी पुसून टाकीन.’

पटण्यासारखं होतं. मी पातळ हात मारला आणि कागदी रुमाल घडी करून त्याच्या रुपेरी कोटाच्या वरच्या खिशात खोचला. ‘विसरू नकोस,’ म्हटलं. तो आरशात माझ्याकडे न बघता उठला.

मी पडद्याआड उभी राहिले, भल्यामोठ्या स्पीकरच्या मागे. तिथून पहिली रांग दिसत होती. काका बसले होते. तोच कोट. उजवा हात खुर्चीच्या लाकडी हातावर. निवेदकाने घसा फोडून सांगितलं की आता एक मिनिट खरंखुरं, थेट, सोन्याचे ओठ. दिवे मंद झाले. दादा पायऱ्या उतरून पुढे आला. पाठमोरा होता मला.

आणि सूर आला. काय सांगू! भरदार, गोल, कुठे ओरखडा नाही. वर चढला, वरच राहिला, मग जिना उतरावा तसा आरामात खाली आला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी स्वतःशीच पुटपुटत होते, भोंग्या, अरे भोंग्या. मी काकांच्या हाताकडे बघत होते. तो हात लाकडावरून हललाच नाही. मिनिट संपलं आणि सभागृह उभं राहिलं. काकाही उभे राहिले, त्यांना उठायला वेळ लागतो तरी.

मी धावतच मेकअप रूममध्ये आले. बर्फ आणून ठेवला होता, तो फडक्यात गुंडाळला. आज तर चांगलंच लाल वर्तुळ असणार. दादा आला, खुर्चीत बसला, डोळे मिटले. मी त्याची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं.

ओठांवरचा रंग जसाच्या तसा होता. मी ज्या कडेला ब्रश थांबवला होता ती कडसुद्धा हलली नव्हती. वर्तुळ नाही, ओरखडा नाही. खिशातला कागदी रुमाल माझ्याच घडीत, न उलगडलेला. मी टेबलावरचा ट्रम्पेट उचलून माउथपीस बघितला. कोरा.

बर्फ माझ्या हातातच होता. त्याचं पाणी माझ्या मनगटावरून कोपरात गेलं.

दादाने डोळे उघडले आणि आरशात आमची नजरानजर झाली. तो काही बोलणार तेवढ्यात दार उघडलं आणि काका आत आले. धाप लागली होती, डोळे भरले होते. त्यांनी दादाचं डोकं दोन्ही हातांनी धरलं.

‘भोंग्या,’ ते म्हणाले, ‘लाकडावर हात ठेवूनच बसलो होतो रे. म्हटलं, इतकी वर्षं यांच्यात राहून आलाय, एखादी तरी जागा शिळी निघणार. नाही निघाली. सगळं ताजं. अगदी ताजं वाजवलंस.’

मला वाटलं आता हा सांगेल. त्या पांढऱ्या बोटांखाली त्याला खोटं बोलवणार नाही.

‘थँक्यू काका,’ दादा म्हणाला. ‘जरा टेन्शन होतं, पण जमलं.’

‘गुरुवारी ये. खुर्ची आहेच.’

‘येतो ना. नक्की.’

काका डोळे पुसत गेले. दार लागलं. माझ्या अंगावर शहारा आला, घाणीत पाय पडल्यावर येतो तसा. गुळगुळीतची मला कधी इतकी किळस आली नव्हती. तो निदान दुसऱ्यांना फसवायचा पगार घेतो. हा त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी फुकट घेऊन बसला होता.

‘तसं बघू नकोस,’ दादा आरशातून म्हणाला. ‘ऐन वेळी ओठांनी दगा दिला असता तर? सगळ्या जगासमोर? मीच सांगितलं साउंडवाल्याला ट्रॅक लाव म्हणून. आणि ट्रॅकवर मीच आहे की. माझंच आहे ते.’

मेकअपच्या टेबलाला लाकडी कड आहे. तिच्यावर मी बोटाच्या पेराने एकदा मारलं. टक्.

त्याचे कान लाल झाले. मेकअपच्या थराखालूनही दिसले. चला, एवढं तरी त्याच्यात खरं उरलं होतं.

नेहमी त्याचं तोंड मीच पुसायचे. त्या दिवशी कापूस त्याच्या हातात दिला. ‘तूच पूस,’ म्हटलं. त्याने ओठांवरून कापूस दाबून फिरवला. त्यावर अख्खे दोन ओठ उमटून आले, कुठेही तुटलेले नाहीत. तो ते बघत बसला. मग त्याने कापूस डब्यात टाकला, ट्रम्पेट पेटीत ठेवला आणि पेटीचे खटके लावले.

दाराशी जाऊन तो थांबला. ‘पुढच्या सीझनला दोन मिनिटं देतो म्हणालेत,’ तो म्हणाला.

मी बर्फ बेसिनमध्ये ओतला आणि पुढच्या गायिकेला हाक मारली.